दुसरी ओळ

चाळीस वर्षं मी ऑल्टो गायले,
म्हणजे गाणं सोडून बाकीचं.
चाल हेमलता ओंकारेची. ती वर, उजेडात.
मी तिच्या खाली, जिन्याखालच्या सायकलसारखी,
जागच्या जागी चाक फिरवणारी:
मी, मी, फा, मी.
एवढे मी, आणि ऐकणाऱ्याला एकही सापडायची नाही.
फक्त ज्या रविवारी ताप यायचा मला,
त्या रविवारी म्हातारे म्हणत,
आज काहीतरी पातळ लागलं, वरणासारखं.

आता हेमलता रायपूरला, मुलाकडे.
बेसवाले याकोब मास्तर कबरस्तानात, भिंतीकडच्या रांगेत.
सुधीर उघडेंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
ते पाटीवर लिहून बोलतात,
आणि पाटीवर टेनर उमटत नाही.

गड्डीगोदामच्या खोलीत दुपारी अडीचला,
पारा शेहेचाळीसवर, रस्त्यावर कुत्रंही नाही,
तेव्हा मी वही उघडते.
कूलर खर्जात एकच सूर धरून बसलेला.
मास्तरही तसेच. एका सुरावर बसले
की हलवायला पाणी मारावं लागे.
कूलरशी जुळायचं तर गाणं अर्धा सूर खाली न्यावं लागतं.
नेते. कोण अडवणार आहे.
मग लाईन जाते,
आणि बेस शब्दाच्या मधेच मरतो.

श्वासाचं कुणी सांगितलं नव्हतं.
चौघं असलं की श्वास चोरता येतो.
हेमलता शब्दाची शेपटी धरून ठेवी, तेवढ्यात मी घ्यायचे,
मी धरायचे, तेव्हा सुधीर.
चाळीस वर्षांत गाण्याला भोक पडलं नाही.
आता पडतं. त्यातून
भंगारवाला ऐकू येतो, अगदी स्पष्ट.

नातीने फोनवर चारी भाग माझ्याच आवाजात
एकावर एक चढवून दिले.
ऐकलं. चौघीजणी
एकाच जागी एकदम श्वास घेत होत्या,
एकाच बाईसारख्या.
पुसून टाक म्हटलं.

शेजारच्या निर्मलाबाई वाळवणावरून विचारतात,
"काऊन हो, कोणतं गाणं होय हे?
चालच सापडून नाही राह्यली."
चाल माझ्याकडे नाहीच, मी म्हणते,
माझ्याकडे टेकू आहे नुसता.
त्या सांडगे उलटवतात, आणि माझ्याकडे
जरा काळजीनं बघतात.

चेतराम पाण्याचे कॅन आणतो. गोंदियाकडचा पोरगा,
वीस लिटर खांद्यावर, दोन मजले,
नेमका अडीचच्या सुमाराला.
परवा जिन्यातून शीळ आली.
मी, मी, फा, मी.
एक सूर खाली, परत वर, आणि तो लांब थांबलेला शेवट,
सगळं कडवं, जसंच्या तसं.
ती ओळ आजवर कुणी गुणगुणली नव्हती.
हेमलतेच्या नवऱ्याने नाही, माझ्याही नाही.
त्या पोराला वाटलं होतं, हेच गाणं आहे.

दार उघडलं, हाताला कणीक तशीच.
"पुन्हा वाजव."
तो लाजला. भिंतीकडे तोंड करून वाजवलं.
आणि मी त्याच्यावर हेमलतेची चाल ठेवली.
साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा वरच्या मजल्यावर,
पाय लटपटत, कठडा नाही,
तिसऱ्या शब्दाला आवाज फाटला, तरी खाली नाही उतरले.

शीळ थांबली.
त्याने कॅन पायरीवर टेकवला.
"काकू," हळूच म्हणाला, "चुकून राह्यल्या तुम्ही.
असं नाही होय ते."

चुकू दे, म्हटलं.
तू तुझी ओळ सोडू नको.